सात काचांचा आरसा

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा तेच! सात षटकोनी काचा मिळून एक आरसा व्हायचा, तर चार ऐकायलाच तयार नाहीत. एक, दोन, पाच शहाण्यासारख्या बसल्या. तीन, चार, सहा, सात उधळलेल्या. दिव्याचा एकच ठिपका दिसायला हवा – पाच दिसतात.

मोठ्या दुर्बिणीचा आरसा अखंड केला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो. म्हणून तुकडे. प्रत्येकाच्या कडेला सेन्सर – शेजारचा तुकडा वर आहे की खाली, ते सांगणारा. मागे सरकवायला मोटरी. केसाच्या हजाराव्या भागाइतकाही फरक चालत नाही. रे रोडच्या शेडमधला आमचा हा नुसता नमुना. तो पास झाला तरच खरं काम मिळेल.

७ जानेवारी

दीपेश सरांनी आज निकालच लावला. मोटरी नव्या, जोडणी मी करून तपासलेली, म्हणजे खोट काचेच्या पॉलिशमध्ये. पॉलिश कुशाबाकाकांचं. चाळीस वर्षं गिरगावात चष्म्याच्या काचा घासलेला माणूस! वाद घातला नाही त्यांनी. "वय झालं. हाताला कळंना झालं असंल," एवढंच म्हणाले. सरांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. फार वाईट वाटलं.

९ जानेवारी

आज आरशाखाली आडवी पडून वायरी काचांच्या नंबरांच्या नकाशाशी ताडून बघितल्या. नकाशा समोरून काढलेला. वायरी मी मागून जोडल्या, नंबर त्याच क्रमाने मोजत. मागून डावं-उजवं उलटं होतं – तीनचा हुकूम सातला, चारचा सहाला! एक, दोन, पाच मधल्या रेषेवर, म्हणून त्या वाचल्या. काचेत काही खोट नाही. काकांचीही काही चूक नाही. मी मूर्ख!

१० जानेवारी

सांगितलं नाही.

१३ जानेवारी

आजही नाही. वायरी गुपचूप बदलाव्यात असंही मनात आलं. लिहायलाही लाज वाटते. शेवटी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या माणसाचं काम गेलं आणि तू वही भरतेयस?"

१४ जानेवारी

सरांना सगळं सांगितलं. मग आम्ही दोघांनी वायरी बदलल्या. पाच ठिपक्यांचा एकच झाला – लखलखीत! मला रडूच आलं. काकांना तूच जाऊन घेऊन ये, सर म्हणाले. उद्या लालबागला त्यांच्या घरी जाते.

१५ जानेवारी

काकांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"मग हे आता थरथरत्यात का गं?"