मार्लिससाठी भरलेली पन्नास काडतुसं

३ जून, रविवार
आजपासून रागावणं बंद.
नेमबाजीच्या क्लबात म्हाताऱ्या ऑर्व्हलकाकांशी पुन्हा वाजलं. आजोबांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग मी कानशीने घासून पातळ केली आहे. आता घोडा लोण्यासारखा ओढला जातो. स्पर्धेत मात्र गोळी सुटेना, नुसतंच टक्, टक्. दोष काडतुसांचा. हल्ली माल हलका येतो. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरा, या स्प्रिंगने उंदीरसुद्धा मरायचा नाही." सगळे हसले. मार्लिस हसली नाही. ती तेव्हा गुण लिहीत होती, पण हसली नाही हे महत्त्वाचं.
मी टोपी आपटून क्लबाचा राजीनामा दिला.

४ जून
राजीनामा मागे घेतला. काका म्हणाले, "कसला राजीनामा?"

९ जून
निर्णय झाला.
मार्लिस टोलेफसन गुरांच्या दवाखान्यात काम करते आणि क्लबात सगळ्या पुरुषांना हरवते. तिच्या वडिलांचं लांब नळीचं रिव्हॉल्व्हर त्यांच्यामागे तिच्याकडे आलं. म्हातारं हत्यार. दुकानातलं काडतूस त्याला जड जातं, घरी बेताने दारू भरूनच वापरावं लागतं. तिच्यासाठी मी भरणार. पूर्ण पन्नास.
क्लबाच्या भिंतीवर पाटी आहे : दुसऱ्याने भरलेलं काडतूस उडवू नये. आमच्याकडे सख्ख्या भावाच्या हातचंही कोणी उडवत नाही. म्हणजे तिने माझी उडवली, तर अर्थ एकच. अंगठीपेक्षा स्पष्ट.
तसं झालं की कॉलेज कायमचं बंद. आईला वाटतंय, मी सप्टेंबरात परत जाणार. योग्य वेळी सांगू.

१६ जून, दुपार
गॅरेजात भरायला बसलो. नियम एकच : एकाग्रता.
मार्लिसचा ट्रक आल्यासारखा वाटला म्हणून दोनतीनदा उठलो. एकदा खरंच ट्रक होता, गॅसवाल्याचा. त्याच्याशी फाटकापाशी गाडी लावण्यावरून थोडं भांडण. परत आल्यावर कोणत्या पितळी नळकांड्यापर्यंत दारू भरत आलो होतो ते बरोबर लक्षात होतं. साधारण. प्रत्येक वेळी दारू तोलत बसलं की हात बिघडतो. अंदाज हीच खरी कला.

१७ जून, रविवार
डबा दिला. प्रत्येक काडतुसाच्या बुडावर लाल शाईने बारीक बदाम काढला आहे. मार्लिस म्हणाली, "सगळी तूच भरलीस? एकट्याने?" आवाजात कौतुक होतं. मग एक काडतूस कानाशी नेऊन हलवून बघितलं. भेट मिळाली की बायका हलवून बघतातच.

८ जुलै, रविवार
उडवली! माझ्या डोळ्यांदेखत, त्याच रिव्हॉल्व्हरने. एकही नेम चुकला नाही. भरणाऱ्याचा हात शेवटी दिसतोच.
नंतर रिकामी पितळी नळकांडी वेचायला मदत केली. बदाम कुठेच दिसला नाही. उष्णतेने शाई उडाली असावी. पुढच्या वेळी चांगली शाई आणायची.

२९ जुलै, रविवार
मार्लिसने टोमॅटो दिले. पिशवीभर. तिच्या काचघरातले. म्हणाली, "घे, यात तुझाही वाटा आहे." पुढे काही बोलायची गरजच नव्हती.
मोंटानाच्या थंडीत टोमॅटो लाल व्हायला सप्टेंबर उजाडतो. हिचे जुलैतच! आई म्हणाली, "काय घालते रे ही पोरगी मुळाशी?" मी म्हणालो, प्रेम.


५ ऑगस्ट, रविवार
आणखी टोमॅटो. आधीपेक्षा मोठे.
आईला सांगून टाकलं : कॉलेज संपलं, आता संसार. आई म्हणाली, "तिला माहीत आहे का?" मला राग आला, पण ३ जूनपासून राग बंद असल्यामुळे फक्त दार आपटलं.

१२ ऑगस्ट, रविवार
क्लबात, सर्वांसमोर, टोपी हातात घेऊन मार्लिसला म्हणालो की तू माझी काडतुसं उडवलीस, तुझं उत्तर मला कळलं, आता तारीख ठरवू.
ती म्हणाली, "कोणी उडवली?"
काडतुसं उकलायच्या खास हातोडीने ठोकून तिने पन्नासच्या पन्नास मोकळी केली होती. गोळ्या आणि नळकांडी घासूनपुसून ठेवली. त्या दिवशी उडवली ती तिने स्वतः भरलेली. आणि माझी दारू टोमॅटोच्या वाफ्यात. ऑर्व्हलकाका म्हणाले, "खत म्हणून चांगली असते. मी हिरवळीला घालतो."
मग तिने मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाली, "वेंडेल, त्यातल्या दोनांत दारूच नव्हती रे. आणि तिनांत दुप्पट. बाबांचं रिव्हॉल्व्हर आणि माझी बोटं, दोन्ही एकदम गेली असती."
मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, "तू किती खूश होतास! आणि मला वाटलं, पाटी तुलाही वाचता येते."
यावर माझ्याकडे सणसणीत उत्तर होतं. घरी पोहोचेपर्यंत सुचेल असं वाटलं.

१३ ऑगस्ट
आईने कॉलेजची बॅग काढून अंगणात उन्हाला टाकली आहे.
खिडकीत शेवटचा टोमॅटो उरला होता. फेकून देणार होतो. मीठ लावून खाल्ला.
फार गोड. दुप्पट दारूवाल्या वाफ्यातला असावा.