वरची पायरी

४ ऑग.
लॅब सहा दिवसांनी उघडली. बेंच कोणीतरी पुसून ठेवलाय. त्याच बेंचवर आमचे तंत्रसहायक रहांगडालेभाऊंचा पाना कपॅसिटरला लागला आणि निळा जाळ झाला.
तिसऱ्या वर्षाचा तास घेतला. डीसीपासून एसीची लाट पायऱ्यापायऱ्यांनी कशी चढवायची. कोणता स्विच किती वेळ चालू ठेवायचा, ते ठरवणं म्हणजे मॉड्युलेशन. सगळं बरोबर शिकवलं. काही वाटलं नाही.

५ ऑग.
विभागप्रमुख सरांनी जबाब मागितला. माझे पीएचडीचे गाइडही तेच. लिहिलं: 'सप्लाय बंद होता. तंत्रसहायकांनी कपॅसिटरमध्ये साठलेली वीज डिस्चार्ज न करता पाना लावला.' दोन ओळी, दोन्ही खऱ्या.
मी "बंद केलंय, लावा हात" म्हणाले, ते लिहिलं नाही.

७ ऑग.
दवाखाना. भाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं काढली. माझ्या पीएचडीच्या सगळ्या कॉइल याच हाताने गुंडाळल्या.
"काऊन उभ्या राहिल्या मॅडम, बसा ना."
बसले.
"चूक माहीच हाये. डिस्चार्ज करा लागत होता."
वहिनींनी चहा दिला. प्याले.

११ ऑग.
त्या दिवशीचं लाटेचं रेकॉर्डिंग काढलं. मॉड्युलेशनचा नवा प्रोग्राम मी आदल्या संध्याकाळी टाकला होता. त्यात माझ्या सर्किटचे चार कपॅसिटर एकसारखे भरतच नव्हते. वरचा जास्तच भरत गेला. बंद केल्यावर नेहमीएवढं थांबलो, पण तेवढ्यात तो रिकामा होणार नव्हता.
स्क्रीनवर लाटेची वरची पायरी नको तेवढी उंच दिसते. तेव्हाही दिसली होती. म्हटलं, नंतर बघू.

१२ ऑग.
दुसरा जबाब लिहून सरांना दाखवला.
"अहवाल वर गेला. अब छोड दो."
"भाऊंवर निष्काळजीपणा लागतोय सर. कंत्राट जाईल."
"तो खुद बोल रहा है ना, चूक माझी म्हणून. तुझी पीएचडी, नोकरी… विचार कर."
त्यांनी कागद परत दिला. घडी घालून पर्समध्ये. घरी येऊन भाजी चिरली.

१५ ऑग.
झेंडावंदन झाल्यावर नागऱ्याला, भाऊंच्या घरी. परवा दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्यांना. सांगून टाकलं. पायरी मला दिसली होती, तरी मीच हात लावा म्हणाले.
भाऊ बँडेजकडे बघत राहिले. वहिनी दारातूनच,
"मंग तवाच काऊन नाही बोलल्या? हे तं सगळ्यायले आपलीच चूक सांगून राहिले."

भाऊ हळूच म्हणाले, "तुमी जा आता मॅडम."
रिक्षात रडू येईल वाटलं. नाही आलं.

१८ ऑग.
दुसरा जबाब आवक खिडकीवर दिला. बाबूने विचारलं, विषय काय लिहू. पुरवणी जबाब, म्हटलं. शिक्का मारलेली प्रत घेतली. सरांना कळलंय. न बघता समोरून गेले.
दुपारी तासावर असताना भाऊंचा फोन येऊन गेला. दोनदा. मी अजून लावलेला नाही.