गवंड्याच्या घराचं पान

3 जून, सोमवार
आणि दादाला अजून वाटतंय की मी इथूनही पळून येणार. म्हणे माझ्या पायाला भिंगरी आहे. आहे तर आहे! त्याच्यासारखी पोती मोजत बसलो असतो म्हणजे शहाणा ठरलो असतो, नाही का? आता बघ म्हणावं. डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची, चर्चच्या मागं राहायला खोली. काम काय, तर गोऱ्या साहेबांच्या काळातल्या चर्चच्या वह्यांचे फोटो काढायचे. बाप्तिस्मा, लग्न, दफन अशी तीन कपाटं. परदेशातून लोक आपले वाडवडील शोधत पत्रं पाठवतात, त्यांना पान काढून द्यायचं. दप्तर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, हे लोक जिवंत आईला वर्ष वर्ष फोन करत नाहीत, पण मेलेल्या पणजीची तारीख चुकली की भांडायला उठतात. ही वहीही त्यांनीच दिली. रोज लिही म्हणाल्या, कोंबडी नाचल्यासारखं अक्षर आहे तुझं.

7 जून, शुक्रवार
साहेबांची लिपी जमायला लागली. साहेबांची नावं तीन तीन मजली. गरिबाला नावच नाही, नुसतं 'सुताराची विधवा', 'धोब्याचा धाकटा'. तेव्हाचा पाद्री भारी शिस्तीचा. दफनवहीत एका घराला एक पान, आणि त्या घरातून किती जण मरायचे तो आकडा पानाच्या तळाला आधीच टाकलेला. बाई म्हणाल्या, त्याचा आकडा कधी चुकला नाही. त्या हसल्या म्हणून मीही हसलो.
आमचा खापरपणजोबा इथंच भिंत बांधायला आला होता. मजुरी वाढते म्हणून बाप्तिस्मा घेतला, असं आई सांगते. या नोकरीला हो म्हणालो ते त्यासाठीच. शोधतो त्याला.

11 जून, मंगळवार
सापडला! 'गवंडी, डाव्या हाताला चार बोटं.' लगेच आईला फोन लावला. तिला धाप लागली होती, तरी हसली.
दुपारी पुन्हा पान उघडलं. खाली त्याचा मुलगा. त्याखाली आजोबा. त्याखाली 'गवंडी, परांचीवरून पडून'. तारीख बाबा गेले तीच. सालसुद्धा. शाई तीच, तपकिरी, अक्षर तेच. पाद्री मरून शंभर वर्षं झालीत.
तळाला आकडा पाच.

13 जून, गुरुवार
पाचवी ओळ परवा मुद्दाम वाचली नव्हती. आज वाचली. 'गवंड्याची विधवा, छातीत पाणी.' वीस जून. हेच साल.
दादाला फोन केला. म्हणाला, सुट्टी हवी असेल तर सरळ माग, आईच्या मरणाची नाटकं करू नकोस. मग म्हणाला, डॉक्टरही छातीत पाणी आहे म्हणतात.

15 जून, शनिवार
बाईंना सहज विचारलं, नोंद चुकली असेल तर काय करतात. म्हणाल्या, एक रेघ मारायची, शेजारी खरी नोंद लिहायची, खाली सही. जागा रिकामी ठेवायची नाही, पाद्र्याचा नियम आहे.

17 जून, सोमवार
आईवर रेघ मारली.
शेजारी स्वतःला लिहायला पेन टेकवला. हात पुढं सरकेना. मग लिहिलं, 'गवंड्याचा थोरला'. सही केली.
अक्षर छान आलं.

18 जून, मंगळवार
आई उठून बसली. चहा मागितला म्हणे. दादानंच कळवलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, जेवलास का. मी फोन ठेवून दिला.

19 जून, बुधवार
दादाचीही ओळ खोडायला गेलो. बाईंनी हात धरला. सगळं सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, अरे वेड्या, खोडलेली नोंदही मोजतात. रेघ म्हणजे दुरुस्ती, सुटका नव्हे. बोट ठेवून तळाचा आकडा दाखवला.
सहा. पाद्र्याच्याच अक्षरात.
दादा फोन उचलत नाही. आई पण—

20 जून
आईला पुन्हा दवाखान्यात न्यायचं होतं. दादा तिला उचलून जिना उतरत होता. पाय घसरला, दोघंही गेली. वहिनी फोनवर रडत नव्हती. नुसती सांगत होती, यांनी आईंना शेवटपर्यंत सोडलं नाही, सोडलं असतं तर निदान—

21 जून
गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ.
पान उघडलं. आकडा सात. बाई दारात उभ्या. म्हणाल्या, सातवी ओळ वाच. नाही वाचणार—
वहिनी, आईच्या आणि दादाच्या क्रियेला. आणि तिसऱ्याच्या. नंतर कोण पाठवणार, म्हणून तिघांचे पैसे एकदमच धाडतोय. एकोणतीस हजार पाच—