देवीचे सगळेच कौल उजवे

६ जून १९३३, रेवदंडा
मॅट्रिक पास. अलिबागहून पोस्टाच्या गड्यानं निरोप आणला तेव्हा मी विहिरीवर होते, कळशी तशीच सोडून पळाले. आत्यानं साखर वाटली, मग कळशी कुठाय म्हणून ओरडली. आई गेल्यापासून घर तिचंच, साखरही तिची नि ओरडाही तिचा.
अण्णा म्हणाले, माझ्या लेकीला कॉलेजात पाठवतो. पण अट. सहामाही परीक्षेत सगळ्या विषयांत पास व्हायचं. एकात जरी गेलीस तर परत यायचं, आणि मग तळे गावाहून सांगून आलेलं स्थळ. मी मान हलवली. आज कुणी समुद्र पोहून जा म्हणालं असतं तरी हलवली असती.

९ जून
कॉलेजचं माहितीपत्रक आलं. इंग्रजी नि सामान्य विज्ञान सगळ्यांना. त्याशिवाय एक भाषा घ्यायची, संस्कृत किंवा फ्रेंच. आणि एक खुशीचा विषय. जास्त हवे तर प्राचार्यांची परवानगी. म्हणजे चार. इतकं सरळ आहे.
मी इतिहास घेणार. लहानपणापासून किल्ल्याच्या तटात राहतोय, आमच्या पोफळी फिरंग्यांच्या चर्चच्या भिंतीला टेकून वाढल्यात, आणि ती भिंत कुणी बांधली ते घरात एकालाही धड सांगता येत नाही. भाषेचं बघू.
सरळ आहे म्हटलं खरं, पण घरात तिघं वडीलधारी आहेत.

१० जून
थोरले काका (यापुढे थो. का.) शाळामास्तर होते, आता पेन्शनीत. त्यांचं म्हणणं संस्कृत. "दुसरा विचारच नको."
अण्णांचं गणित. का, ते मला ठाऊक आहे. त्यांची मॅट्रिक गणितानं बुडवली. पुन्हा बसलेच नाहीत, वाडी धरली. आता तो सूड मी उगवायचा.
आत्याचं फ्रेंच! मी चाटच पडले. तर म्हणे, "कोर्लईच्या बायका मासळी घेऊन येतात नि भाव करताना आपसांत त्यांच्या भाषेत बोलतात. काय बोलतात ते कळायला नको?" म्हटलं आत्या, ती पोर्तुगीज, फ्रेंच वेगळी. "असू दे. फिरंगीच ना दोन्ही?"
इतिहास म्हटल्यावर तिघंही हसली. तिघांचं एकमत झालेली या घरातली ही पहिलीच गोष्ट.

१३ जून
आज सकाळी थो. का. नी पडवीत बोलावलं. दार लोटलं. म्हणाले, देवीला कौल लावला. गुरवानं देवीच्या दोन खांद्यांना दोन पाकळ्या लावल्या, उजवी आधी पडली, म्हणजे होकार. संस्कृत घ्यायचं. कुणाला सांगू नकोस, कौलाची गोष्ट बाहेर बोलत नाहीत.
बरं म्हटलं. भाषा एक घ्यायचीच होती, सुटले.

१४ जून
सुटले कसली. दुपारी आत्यानं माजघरात ओढलं. कौल लावून आलेय, उजवा पडला, फ्रेंच घ्यायचं, कुणाला बोलू नको.
संध्याकाळी अण्णांबरोबर वाडीत पाणी सोडत होते. पाट वळवता वळवता अण्णा म्हणाले, "सुमे, देवीनं गणिताला हो म्हटलंय. कुणाला—"
"बोलत नाही," मी म्हटलं.
ओठ चावून हसू दाबलं. गुरव नेमका तोच, देवी तीच, पाकळ्याही त्याच जास्वंदीच्या असतील. तिघांना दोन दिवसांत हो म्हणाली. आई नसलेल्या मुलीवर देवीची फार माया दिसते.
हसले खरी, पण आता करू काय? एकाला नाही म्हटलं की कारण सांगावं लागणार, कारण सांगितलं की दुसऱ्याचा कौल फुटणार. आणि देवीनं हो म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार? सगळं घेते. त्यात इतिहासही. मी काय कमी हुशार आहे?

२१ जून, मुंबई
धरमतरची बोट लागली नाही, हे आधी लिहून ठेवते. बाकीची बायकामंडळी डोळे मिटून पडली होती, मी भाकरी खाल्ली.
प्रवेशाला बाई होत्या, आम्हा मुलींची चौकशी त्यांच्याकडे. इतिहासही त्याच शिकवतात. माझे विषय पाहून चष्मा काढला. "इंग्रजी, विज्ञान, संस्कृत, फ्रेंच, गणित, इतिहास. कुणी सांगितलं एवढे घ्यायला?"
काय सांगू? घरच्यांनी, म्हटलं. प्राचार्यांची परवानगी मिळाली. ती नसती मिळाली तर बरं झालं असतं, हे आज वाटत नाहीये, पण लिहून ठेवते.
वसतिगृहाच्या खोलीत उरणची कृष्णा. तिचे वडील तिथे मास्तर. तिचे चारच विषय. माझं ऐकून म्हणाली, "काय गो बाई, एक ना धड भाराभर चिंध्या." मी रुसले. रात्री तिनंच घरचे पापड भाजले, मग रुसवा कसा टिकणार.

५ जुलै
मजा आहे. खरंच मजा आहे. सकाळपासून या वर्गातून त्या वर्गात पळायचं, जिन्यात पदर सावरायचा, सातासमुद्रापलीकडचं काय काय ऐकायचं. फ्रें. चे मास्तर बोलतात तेव्हा नाकात मासळीचा काटा अडकल्यासारखे वाटतात. आत्याला आवडतील.
इतिहासाच्या तासाला मात्र मी पळत नाही, आधीच जाऊन बसते. आज बाईंनी विचारलं, कुणी जुना किल्ला जवळून पाहिलाय का. म्हटलं, मी त्यातच राहते. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. तास संपल्यावर थांबवून घेतलं नि तटाबद्दल, चर्चबद्दल विचारत राहिल्या. गणिताचा तास बुडाला. वाईट वाटायला हवं होतं.

१९ जुलै
सं. चं पाठांतर करता करता फ्रें. चा धडा राहतो, तो करावा तर गणित तसंच. गणित म्हणजे... जाऊ दे. काल इंग्रजीच्या तासाला चक्क झोपले. कृष्णानं कोपरानं ढोसलं. ती संध्याकाळी चौपाटीवर जाते, गाणी म्हणते, तिचं सगळं करून होतं. माझा तिच्यावर राग आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "ठेव राग, पण आधी जेवायला चल."

२८ जुलै
चाचणीचे गुण कळले. गणितात भोपळा म्हणावा असेच. फ्रें. त नापास. इंग्रजीत काठावर, आणि मॅट्रिकला इंग्रजीत मी शाळेत पहिली होते. इतिहासात मात्र वर्गात वरचा नंबर.
बाईंनी बोलावलं. "असंच चाललं तर सहामाहीला चार विषयांत जाशील. दोन सोड. सात ऑगस्टपर्यंत सोडता येतात, पालकांची संमती आण."
दोन सोड. कोणते? देवीनं न सांगितलेला विषय एकच, इतिहास. न्यायानं पाहिलं तर तोच आधी जायला हवा. हे सुचलं तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. कृष्णा जवळ बसून राहिली. म्हणून आणखी रडले.

५ ऑगस्ट, रेवदंडा
नारळी पौर्णिमा, सुट्टीला घरी. खाडीवर कोळ्यांचा नारळ वाहून झाला, ढोलताशे वाजले, आत्याचा नारळीभात झाला. पोटभर जेवले नि मग पानावरच सगळं सांगून टाकलं. सहा विषय घेतले, दोनांत नापास, दोन सोडायचे आहेत.
"सहा कसे?" अण्णा.
मग कौल सांगावेच लागले. सांगताना त्या तिघांकडे बघवेना. थो. का. आत्याला म्हणाले, "तू पण गेली होतीस?" आत्या म्हणाली, "तुम्ही नव्हतात गेला?" अण्णा खाली मान घालून भात कालवत राहिले. मग जे भांडण झालं! ज्याचा कौल आधी तो खरा, असं थो. का. बाईमाणसाचा कौल देवी आधी ऐकते, असं आत्या. मला हसू आवरेना, नि मी हसतेय म्हणून तिघंही माझ्यावर घसरली.
ठरलं ते असं की उद्या सगळ्यांनी मिळून जायचं नि काय सोडायचं ते देवीलाच विचारायचं.

६ ऑगस्ट
सकाळी देवळात. गुरवानं आम्हा चौघांना एकदम पाहिलं नि ओळखलं. "काय सोडू, असं नाय विचारायचं," म्हणाला. "व्हय का न्हाय, असं विचारा."
मग काय विचारायचं यावरच जुंपली. आत्या म्हणते, गणित सोडावं का विचारा. अण्णा म्हणतात, आधी फ्रेंचचं. थो. का. म्हणतात, इतिहास सोडावा का विचारा, म्हणजे कुणाचंच जात नाही. हे मात्र तिघांनाही पटलं.
गुरवानं पाकळ्या ओल्या करून देवीच्या खांद्यांना लावायला हात उचलला.
मला कळलं, उजवी पडली तर संपलं. देवीनं हो म्हटलेलं मला मोडता येणार नाही, आयुष्यात नाही.
"थांबा," मी म्हटलं. "लावू नका. मी सांगते. फ्रेंच सोडणार. गणित सोडणार. संस्कृत नि इतिहास ठेवणार."
"देवीच्या समोर?" आत्या.
"देवीच्याच समोर."
अण्णांकडे वळले. "अण्णा, मला गणित येत नाही. आवडतही नाही. तुम्हालाही आवडत नव्हतं."
अण्णा बघतच राहिले. असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नसेल, मुलीनं तर नाहीच. मग त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. "नव्हतं," म्हणाले. "अजिबात नव्हतं." आणि एकदम हसायला लागले, देवळात, गुरवासमोर. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. गुरवानं पाकळ्या ताटात ठेवल्या.
परत येताना मात्र बोलले, "अट तशीच आहे हं, सुमे. आणि आता देवीचं नाव सांगता यायचं नाही."
आत्या घरी येईपर्यंत दहा पावलं पुढेच चालली. पण वाटेसाठी वड्या बांधून दिल्या, नेहमीपेक्षा जास्तच.

७ ऑगस्ट, मुंबई
वेळेत पोचले. अण्णांचं संमतीपत्र दिलं, दोन विषय खोडले. बाईंनी विचारलं, घरी फार त्रास झाला का. म्हटलं, नाही, भात कमी पडला. कृष्णाला वड्या. संध्याकाळी चौपाटीवर तिच्याबरोबर मीही गायले, बेसूर.

९ ऑक्टोबर
सहामाही उद्यापासून. पहिला पेपर इंग्रजी.
थो. का. चं पत्र. शेवटी लिहिलंय: परवा आत्या देवळात गेली होती, तू पास होशील का ते विचारायला. गुरव पाकळ्या लावणार तोच म्हणाली, राहू दे, आता तिचं तिला बघू दे. आणि परत आली.
पत्र पुस्तकात ठेवलं नि वाचायला बसले. कृष्णा म्हणतेय पुस्तक उलटं धरलंयस.