जपानी बाईच्या कपाळावरचं कुंकू

आई,

शेजारच्या जपानी काकू आमचं हे परदेशातलं नोव्हाय गाव सोडून कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा तू माझ्याकडे राहायला आली होतीस, आणि ते लांबोळकं चित्र त्या तुझ्याच हातात ठेवून गेल्या. गुंडाळी सोडली की आत किमोनोतली देखणी बाई आणि तिच्या मांडीवर तीन तारांचं वाद्य. थोडेच दिवस टांगायचं, मग गुंडाळून ठेवायचं, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं होतं. तू नंदीबैलासारखी मान डोलावलीस आणि हॉलमध्ये हीटरच्या वर टांगून मोकळी झालीस. "एवढी वाजवणारी बाई, तिला कपाटात काय कोंडायचं," म्हणालीस.

मग दसरा आला. पाटीपूजनाला माझा लॅपटॉप, नातवाची वही, आणि भिंतीवर ती. "वाद्य घेऊन बसलीय, म्हणजे सरस्वतीच की गं," असं म्हणत तू ओल्या बोटानं तिच्या कपाळाला कुंकू लावलंस. माझ्या ऑफिसमधली माणसं जेवायला आली होती. त्यांच्यादेखत मी ओरडले, "आई, काय केलंस हे! देवी नाहीये ती, अँटिक आहे!" नातूही म्हणाला, "आजी, यू रुइन्ड इट!" तू घाईघाईनं पदरानं पुसायला गेलीस आणि लाल रंग भुवईपर्यंत ओघळला. उरलेला महिनाभर तू माझ्या देवघराला हात लावला नाहीस, आणि मीही लाव म्हटलं नाही. पुण्याला परत गेलीस आणि तिथूनच कायमची गेलीस.

त्यानंतर ते चित्र उतरवायचा मला धीर झाला नाही. हीटरच्या झळांनी त्याचा कागद तडकलाय. गेल्या आठवड्यात जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे ते नेलं. मागून नवा कागद चिकटवायचा तर चित्र ओलं करावं लागणार, आणि ओलं केलं तर तो लाल रंग चेहराभर पसरणार. "हा लाल डाग नक्की कशाचा आहे तेवढं सांगा, म्हणजे आधी काढून टाकते," त्या म्हणाल्या. काढून टाकते! आई, तुझ्या बोटाची एवढी एकच खूण माझ्या घरात उरलीय. ती जाऊ द्यावी तर तू जातेस, राखावी तर चित्राचे तुकडे पडतात. काय करू, कुणाला विचारू, काही सुचत नाही गं.

"आय डोन्ट नो," एवढंच म्हणून मी चित्र तसंच परत आणलं.

हे पत्र कुठे पाठवायचंच नाहीये, तर खरं लिहिते. तुझं कुंकू वाचवायला खोटं बोलले, असं मी येताना गाडीत स्वतःला समजावत होते. पण तसं नव्हतं. माझ्या आईनं या बाईची पूजा केली होती, हे त्या गोऱ्या बाईंना सांगताना जीभच रेटेना. मला परत तुझी लाज वाटली.