टॉवेलचा हत्ती

८ फेब्रुवारी

किरणची बोट शनिवारी मुंबईला लागणार! एकच दिवस. सकाळी येणार, रात्री कोचीनकडे. ह्यांना सांगितलं तर डाव्या हाताने नुसता पलंग बडवला. अर्धांगाचा झटका आल्यापासून आनंद झाला की असंच करतात. किरणने ह्यांना असं पाहिलेलंच नाही.

११ फेब्रुवारी

वाट लागली. किरणचा फोन – "आई, माझी ड्युटी बोटीवरच लागलीय. उतरता येणार नाय." बोट बंदरात असली तरी आळीपाळीने काही जणांना आत थांबावंच लागतं म्हणे. आगबिग लागली तर प्रवाशांना बाहेर कोण काढणार? लागायचीच कशाला मेली आग! आणि पोरगा लॉन्ड्रीत चादरी धुतो, त्याचं काय अडलंय? ह्यांना बंदरावर न्यावं तर जिना उतरवत नाही. अजून सांगितलं नाही ह्यांना. कसं सांगू?

१३ फेब्रुवारी

देव मी मानत नाही, माणसं मानते. लॉन्ड्रीतल्या ॲलन नावाच्या मुलाने ड्युटी बदलून घेतली! किरण सांगत होता, "मागच्याच महिन्यात दुसऱ्या बोटीवरून आलाय. मरोळचा आहे, पण बोलला, एक बहीण सोडली तर माझं तिथे कोणी नाय. तू जा, बापाला भेट."

एका परीने बरंच झालं, त्याची कोणी वाट बघत नव्हतं.

१४ फेब्रुवारी

आला! ह्यांच्या पायाशी बसला. मग उठला, दोरीवरचा टॉवेल ओढला, गुंडाळला, दुमडला, सोंड काढली – हत्ती! प्रवाशांच्या पलंगावर असले प्राणी करून ठेवतात म्हणे. हे हसले. तोंड वाकडं, पण हसले! मग कष्टाने म्हणाले, "बो...ट." लहानपणी हे रत्नागिरीहून कोकणबोटीने मुंबईला आले होते, गोणीवर बसून, सारखे ओकत. ती गोष्ट किरणला पाठ. म्हणाला, "बाबा, माझ्या बोटीत पोहायला तलाव आहे, पण लोक ओकतात तशीच." पुन्हा हसले. आज मला काही म्हणजे काही कमी नाही.

जाताना एक पिशवी ठेवून गेला. "ॲलनच्या बहिणीला पोचव गं मरोळला. मला नाय जमलं."

हत्ती उशाशी आहे. हे कोणाला हात लावू देत नाहीत.

१६ फेब्रुवारी

खीर केली, पिशवी घेतली, मेट्रोने मरोळला गेले. दार लिओनाने उघडलं, पिशवीवर हेच नाव होतं. कडेवर तान्हं बाळ. भिंतीवर लग्नाचा फोटो – नवरी हीच.

"बाजूला ॲलन," म्हणाली. "बहीण नाय काकी, बायको. तुमच्या घरी आजारी माणूस आहे, बोलला मला फोनवर. बाळाला काय, अजून कळत नाय."

बाळ त्याने फोनवरच पाहिलंय.

पिशवीत झबली होती. तिथेच घालून बघितली. सगळी आखूड झाली.