सोमनाथचे करपलेले रोडगे

मूल
दि. ४ डिसेंबर २०२३

चि. आदेश यास,

मूल गावाहून मयुरीबाईचे अनेक आशीर्वाद, वि. वि. इकडे सगळे मजेत असं लिहायची रीत आहे, म्हणून तेवढं तुह्या भाऊजीपुरतं अन् पोरीपुरतं खरं समज. बाबा मजेत नाईत.

माय गेली तवापासून ते माह्याकडे आहेत. पण ते जेवत नाईत, हे मी तुले कळवलं नव्हतं. वाटलं, दुःख आहे, हळूहळू उतरन. आता दिवाळीही होऊन गेली. सकाळी चहात बुडवून अर्धं बिस्कीट, रात्री दोन घास वरणभात, तेही मी ओरडली तर. डॉक्टरनं सगळं तपासलं, पोटात काही नाई म्हणते. गोळ्या झाल्या, बाटल्या चढवून झाल्या. आता म्हणते, असंच राह्यलं तर चंद्रपूरले भरती करा, नाकातून नळी टाकून पोटात अन्न सोडावं लागन. ते बाबानं ऐकलं. घरी येताना ऑटोत माहा हात धरून म्हणाले की नळी नको टाकू देऊ, बाई. मले तिथीच रडू आलं.

तुह्या भाऊजीनं एक गोष्ट सुचवली. बाबा बल्लारपूरच्या मिलमध्ये होते, तवा सुट्टीच्या दिवशी आपल्याले कुठी ना कुठी फिराले नेत. त्याच जागा त्याइले परत दाखवू म्हणाले, हवा बदलन, भूक लागन. काल घोडाझरीले गेलो. तलाव काठोकाठ भरला आहे, थंडी छान पडली आहे, पोरी नावेत बसून आल्या. मी घरून वडे अन् झिंग्याची भाजी करून नेली होती. सगळ्यात पहिले बाबाचं ताट वाढलं, झिंगे निवडून निवडून टाकले. ते ताटाकडे पाहत राह्यले. मंग विचारलं की पोरी जेवल्या काय. मी म्हटलं, पोरीचं मी पाहतो, तुम्ही खा. त्याइनं ताट सरकवून दिलं. तू असता तर ते ताट अन् माह्यं ताट दोन्ही साफ केले असते.

तुह्या शाळेत टॉवर नाई, म्हणून हे पत्र एसटीवाल्या लालसूभाऊच्या हाती देत आहो. तू ये. माया कमी करू नको, पण या खेपेले नुसत्या मायेनं भागणार नाई.

तुही मोठी बहीण,
मयुरी


आश्रमशाळा, ता. भामरागड
दि. ९ डिसेंबर २०२३

ती. सौ. मयुरीबाईस,

धाकट्या आदेशचा शि. सा. नमस्कार, वि. वि. तुझं पत्र मिळालं. वाचून जिवाला घोर लागला. पण बाई, तू धीर सोडू नको. बाबा पहिल्यापासून कमीच खाणारे आहेत.

मला वाटतं, तुझी जागा चुकली. त्यांना मार्कंड्याला ने. देवळं पाहून झाली की नदीकाठी उन्हात जरा बसू दे. येताना चामोर्शीच्या रस्त्यावर टिनाच्या छपराचं एक छोटं हॉटेल आहे, तिथे वैनगंगेच्या माशाचा रस्सा मिळतो. आंबट, झणझणीत, सोबत वाफेचा भात. त्या रस्स्याला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मासा नको म्हणाले तर सकाळीच गावात तर्रीपोहे खाऊ घाल. मी स्वतः मागच्या रविवारी आलापल्लीला जाऊन डोसा खाल्ला, तेव्हा बाबांची आठवण आली.

यायचं म्हणशील तर अधीक्षक रजेवर आहेत आणि सगळी पोरं माझ्या भरवशावर आहेत. रजा मिळाली की निघतो. भाऊजींना नमस्कार, उर्वशीला आणि करिष्माला गोड पापा. असाच जीव लावत राहा.

तुझा,
आदेश


मूल
दि. १८ डिसेंबर २०२३

चि. आदेश यास,

आशीर्वाद. यावेळी वि. वि. काही नाई, थेट लिहितो.

आलापल्लीले जाऊन डोसा खाता येते, अन् मूलले येता येत नाई काय? आलापल्लीले टॉवरही आहे. डोसा खाऊन झाल्यावर फोन लावाले काय झालं होतं? मास्तर होऊन तुही भाषा सुधारली, बाकी काही सुधारलं नाई.

मार्कंड्याले गेलो होतो. तुह्या त्या हॉटेलातही गेलो. रस्सा खरंच चांगला आहे, तुह्या भाऊजीनं भात तीनदा मागवला. मालकाले मी आधीच सांगून ठेवलं होतं की म्हाताऱ्या माणसाले पहिले वाढ, काटे काढून दे. बिचाऱ्यानं तसंच केलं. बाबानं रस्स्यात बोट बुडवलं, इकडे तिकडे पाह्यलं, अन् पुन्हा तेच विचारलं, पोरी जेवल्या काय. माह्यं डोकंच फिरलं. चारचौघांत मी त्याइच्यावर ओरडली, की तुमाले जेवाचं नसन तर पोरीचं निमित्त काऊन करता. त्याइनं आपलं ताट उचलून करिष्मापुढं ठेवलं अन् बाहेर जाऊन गाडीत बसले. 

डॉक्टरनं संक्रांतीपर्यंत वाट पाहू म्हटलं आहे. आता बाबाले उठून बसवाले हात द्यावा लागते. रात्री मी हिशेब करत बसतो की आपण लहान असताना ते काय आवडीनं खात. अन् तुले खरं सांगतो, मले एकही दिवस आठवत नाई. मायनं वाढलं, आपण भराभरा जेवलो, अन् मी सगळ्यात पहिले पाण्याकडे पळाली, एवढंच आठवते. मिलमधून ते यायचे तवा आपण झोपलेले राहत होतो. बाबाले जेवताना मी कधी पाह्यलंच नाई की काय? तुले काही आठवत असन तर लिही. माह्याजवळचे उपाय संपले, आदेश.

राग मनात ठेवू नको, मीही ठेवत नाई.

मयुरी


आश्रमशाळा, ता. भामरागड
दि. २२ डिसेंबर २०२३

ती. सौ. बाईस,

शि. सा. नमस्कार. तू माझ्यावर ओरडलीस ते बरं झालं. अधीक्षक परत आले आहेत. रजा मागितली तर मिळेल. मीच मागितली नाही. मायच्या तेरवीनंतर मी घरी आलो नाही, कारण मले भीती वाटते. मी यावं आणि माझ्या डोळ्यांपुढे बाबाही जावेत, एवढंच डोक्यात येते. फोन यासाठीच लावत नाही. तू फोन त्यांच्या कानाला लावशील आणि मले बोलाले सुचणार नाही. बघ, भाषाही राहिली नाही.

तू विचारलंस म्हणून आठवू लागलो. मूलजवळच्या सोमनाथची एक गोष्ट सांगतो. आपण बल्लारपूरहून रेल्वेनं मूलला उतरून सोमनाथला आलो होतो. मिलमधली आणखी दोन घरं सोबत होती. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण होतं. माझा पाय मुरगळला म्हणून तुम्ही सगळी पोरं मला झाडाखाली चादरीवर टाकून धबधब्याकडे गेलात. मी झोपलो आहे असं मायला वाटलं. सगळ्यांच्या पंगती उठल्यावर बाबांनी गोवऱ्यांच्या राखेतून उरलेले रोडगे उकरून काढले. बाहेरून काळे झालेले, कोणी न घेतलेले. मायनं एकच ताट घेतलं. बाबांनी तिला विचारलं की पोरं जेवली काय. ती हो म्हणाली. मग दोघं त्या एका ताटात जेवायला बसले. करपलेला भाग बाबा आपल्याकडे ओढत होते आणि माय तो परत घेत होती. दोघं हसत होते. मला ते वेगळं वाटलं नाही, म्हणून कोणाला सांगितलंही नाही.

याचा उपयोग आहे की नाही, ठाऊक नाही. मला दुसरं काही आठवत नाही. माझ्यावर जीव असू दे.

आदेश


मूल
दि. १ जानेवारी २०२४

चि. आदेश यास,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुह्यं पत्र मी चुलीजवळ बसून वाचलं अन् तिथीच बसून राह्यली. इतके दिवस आम्ही मान म्हणून त्याइचं ताट सगळ्यात पहिले वाढून राह्यलो होतो. जो माणूस जन्मभर सगळ्याइच्या मागून जेवला, त्याले मी पहिल्या घासाले बसवत होती. अन् ते पोरीचं विचारत होते, तर मी त्याइच्यावरच ओरडत होती.

काल सोमनाथले गेलो. वर्षाचा शेवटचा दिवस म्हणून गर्दी भलतीच, जिकडे तिकडे चुली पेटलेल्या. मी गोवऱ्या घरूनच नेल्या होत्या. बाबाले झाडाले टेकवून बसवलं अन् यावेळी त्याइले ताटच दिलं नाई. तुह्या भाऊजीले वाढलं, पोरीले वाढलं. शेजारच्या चुलीवरची नजमाबाई अन् तिचे लेकरं आले, त्याइलेही वाढलं. नजमाबाई मले सारखी म्हणत होती की बुजुर्ग तसेच बसले आहेत, त्याइले पहिले द्या. मी ऐकलं नाई. 

सगळे पाण्याकडे गेले. मी राखेतले दोन रोडगे काढले, काळेठिक्कर. एकच ताट घेतलं अन् बाबापुढं बसली. त्याइनं विचारलं की पोरी जेवल्या काय. मी म्हटलं, जेवल्या. जावईबापू जेवले काय, जेवले. मंग त्याइनं हात पुढं केला. रोडगा फोडला, तूप माह्याकडच्या तुकड्यावर लोटलं अन् करपलेला पापुद्रा आपल्याकडे ओढला. मी तो परत घेतला. आदेश, बाबा हसले. अर्धा रोडगा खाल्ला त्याइनं, वांग्याच्या भाजीसंगं, माह्या डोळ्यादेखत.

इथंच पत्र संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं. अर्धा झाल्यावर त्याइनं हात थांबवला अन् विचारलं, आदेश जेवला काय. मी म्हटलं, जेवला. त्याइनं माह्या तोंडाकडे पाह्यलं, मंग गाड्या लागल्या होत्या तिकडे पाह्यलं. तू दिसला नाई. उरलेला अर्धा त्याइनं ताटाच्या काठाशी ठेवला अन् हात धुतले. कालपासून पुन्हा काही खाल्लं नाई. आज सकाळपासून बिस्कीटही नाई.

मले धड खोटंही बोलता आलं नाई रे. तुले भीती वाटते हे मले समजते, मलेही वाटते. पण त्याइले वाटून राह्यलं की तू उपाशी आहेस. हे मी कसं खोडून काढू? ये अन् त्याइच्यासमोर जेव.

वाट पाहणारी,
मयुरी


आश्रमशाळा, ता. भामरागड
दि. ४ जानेवारी २०२४

ती. सौ. बाईस,

शि. सा. नमस्कार. हे पत्र लालसूभाऊच्या आजच्या गाडीनं पाठवतो. मी उद्याच्या गाडीनं निघतो. रजा मिळाली.

आलापल्लीला गाडी थांबेल, पण मी उतरणार नाही. गडचिरोलीलाही चहा घेणार नाही. उपाशीच येतो. रोडगे लावून ठेव, एकदोन करपू दे. माझं ताट पहिले वाढ, बाबांच्या अगदी समोर. मी पोटभर जेवतो, दोनदा मागून घेतो, आणि मग तुम्ही दोघं बसा.

बाबांना आज एवढंच सांग, की आदेश अजून जेवला नाही, पण वाटेत आहे.

तुमचा भुकेला,
आदेश